पट्टीवरचा लाल आकडा

साल दोन हजार बावीस. मला सत्तर पुरी होऊन एकाहत्तरावं लागलं होतं. तोवर माझा समज होता की भीती काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. त्या ऑक्टोबरात कळलं की आपल्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

या वर्षी सातवीण परत फुलली आहे. विक्रोळी पूर्वेला आमच्या वसाहतीच्या रस्त्यावर तिची झाडं आहेत, ओळीने. दिवसभर ती झाडं कुणाच्या खिजगणतीत नसतात. खाली रिक्षा लागतात, बुंध्याला कुणी सायकल बांधतं. संध्याकाळी दिवे लागले की वास सुटतो. फुलं दिसत नाहीत, हिरवट पांढरी, पानांत लपलेली असतात, पण वास जिना चढून तिसऱ्या मजल्यावर येतो. खाडीला ओहोटी असली की त्यात चिखलाचा वास मिसळतो. शेजारचे गुजराथी काका म्हणतात, "क्या खुशबू है!" मी खिडकी लावून घेतो. उकडतं, घाम गळतो, तरी लावून घेतो. मला तो वास आला की नजर आपोआप टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे जाते, खालच्या पट्टीकडे, तिसऱ्या चित्राकडे.

कॉम्प्युटर आणि मी, हे कुणालाही खरं वाटणार नाही. मी चौथी शिकलेला माणूस. इथल्याच एका मोठ्या कारखान्यात छत्तीस वर्षं वायरमन होतो. इंजिनियर लोक मोठमोठे कागद पसरून बसायचे आणि मी पॅनेलला कान लावून सांगायचो, साहेब, दोन नंबरचा फेज ढिला आहे. निघायचाही तोच. त्यामुळे मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. मोबाइल अजून बटणांचाच आहे. काचेवर बोट फिरवायचं ते माझ्याच्याने होत नाही असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मला ते करायचं नाही.

कॉम्प्युटर आणला तो वैशालीने. वैशाली आमची एकुलती एक मुलगी, मुलुंडला दिलेली, तिथल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. लॅबमधली जुनी मशीनं भंगारात निघाली, त्यातलं एक रीतसर पावती करून घेऊन आली. टेबलावर ठेवलं, सुरू केलं, आणि आतला पंखा असा घरघरला की मी म्हटलं, "बेअरिंग गेलंय याचं."

"बेअरिंग नाही बाबा, धूळ आहे. जुनं आहे ना. नेहमीची विंडोज याला आता झेपत नाही, धापा टाकतं. म्हणून मी यावर लिनक्स टाकलंय. हलकं आहे, फुकट आहे."

"म्हाताऱ्याला म्हातारं दिलंस."

"जोडी शोभते," आमची ही आतून म्हणाली.

पहिले दहा दिवस मी त्या मशीनवर रागावून होतो. वैशालीने दाखवलं होतं की हे उघडायचं, वर पट्टीत पत्ता लिहायचा, मग ते पान येतं. तिने कागदावर लिहून दिलेलं इंग्रजी बघून बघून मी एका बोटाने पत्ता लिहायचो. एक अक्षर चुकलं की भलतंच काहीतरी उघडायचं. बरं, एक पान उघडलं की दुसरं त्याच्यामागे जायचं, तिसरं त्याच्याही मागे. लाइट बिल बघताना पेपर हरवायचा. पेपर शोधताना सगळंच बंद व्हायचं. एकदा मी चिडून मशीनचा प्लग ओढला. हे वैशालीला कळलं तेव्हा ती हसली नाही. पुढच्या रविवारी आली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. तुम्हाला सगळ्या चाव्या एकाच जुडग्यात दिल्या मी. वेगळ्या करते."

त्या दिवशी तिने जे केलं ते मी शेजारी स्टूल घेऊन बघितलं. रोज लागणारी जी जी वेबसाइट, तिचं तिने वेगळं वेब ॲप केलं. म्हणजे असं की प्रत्येकीची खिडकी वेगळी, तिला वर पत्त्याची पट्टी नाही, मागेपुढे दुसरी पानं नाहीत. खालच्या पट्टीवर प्रत्येकीचं एक मोठं चित्र. चित्र दाबलं की तेवढंच उघडायचं. लाइट बिलाला बल्ब, पेपरला पेपर. तिसरं हॉस्पिटलचं. त्यांचं स्वतःचं चिन्ह मोठं केलं की पुसट दिसायचं, म्हणून वैशालीने आईला विचारलं, "आई, काय लावू?"

"शेवंती लाव. पिवळी."

मी म्हटलं, "आता हे आपल्या घरात आलं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे मशीनमध्ये आलं, का अजून बाहेरच आहे?"

"बाहेरच आहे बाबा. फक्त दार आपल्या घरात काढलंय."

"आणि पत्ता? वर पत्ता दिसत नाही आता. बिनपत्त्याचं पाकीट मी घेत नाही."

"पत्ता आहे. तुम्हाला त्रास नको म्हणून मी लपवलाय."

मी मान हलवली. समजलं असं वाटलं. मला नेहमी समजलं असंच वाटतं, हा माझा जुना दोष.

हॉस्पिटलचं दार का काढावं लागलं, तर त्याआधी गौरीच्या दिवसांत एक झालं होतं. आमची ही आरशापुढे उभी राहून गळ्यात तुशी अडकवत होती. हुक लागेना म्हणून बोटं चाचपडत होती, ती मानेवर एका जागी थांबली. मी मागे होतो. मला आरशात तिचा चेहरा दिसला. तिने तुशी घातली, गौरीपुढे हळदीकुंकू झालं, बायका जेवून गेल्या, भांडी घासून झाली. मग म्हणाली, "अहो, इथे हात लावून बघा." सुपारीएवढी गाठ. कडक. बोटाखाली सरकत होती.

घाटकोपरच्या मोठ्या हॉस्पिटलात सुईने त्या गाठीतून नमुना काढला. ती खुर्चीत मान मागे टाकून बसली होती, पदर मुठीत धरलेला. डॉक्टर म्हणाले, आठवड्यात रिपोर्ट येईल, वेबसाइटवर तुमच्या खात्यात दिसेल, यायची गरज लागली तर तेही तिथेच कळेल. काउंटरवर फोन नंबर मागितला. वैशाली आपला सांगायला लागली तोच मी मध्ये पडलो आणि माझा सांगितला.

"बाबा, तुम्ही मेसेज कधी बघता?"

"फोनवर बघत नसेन. मशीनवर बघेन. घरात दार कशाला काढलंयस मग? आमच्या घरचं आमच्याकडे येऊ दे."

तिने माझाच नंबर लिहू दिला. मला बरं वाटलं होतं, हे लिहून ठेवतो. सत्तरीच्या माणसाला मुलीपुढे जिंकल्यावर जे वाटतं ते.

मग वाट बघायचे दिवस आले. नवरात्र होतं. आमच्या वसाहतीत बायका रोज ठरलेल्या रंगाची साडी नेसतात, हीही नेसायची. आज हिरवी, उद्या राखाडी, आणि प्रत्येक साडीच्या पदराने मान झाकलेली. खाली गरब्याचे भोंगे लागायचे. ऊन असं की दुपारी गच्चीवरचं डांबर चिकट व्हायचं. मी सकाळी सातला चहाचा कप घेऊन मशीन लावायचो. पंखा घरघरायचा, तापलेल्या धुळीचा वास यायचा, ट्रान्सफॉर्मरच्या खोलीत यायचा अगदी तसा, आणि खालची पट्टी उजळायची. बल्ब. पेपर. शेवंती. शेवंती कोरी असली की मी पहिला घोट घ्यायचो.

वैशालीने सांगून ठेवलं होतं, हॉस्पिटलकडून काही आलं तर फुलाच्या कोपऱ्यात लाल ठिपका येईल, त्यात आकडा असेल.

आता हे लाल काय असतं ते सांगतो. कारखान्याच्या पॅनेलवर लाल दिवा म्हणजे लाइन चालू आणि हिरवा म्हणजे बंद. बाहेरच्या लोकांना उलटं वाटतं. आमच्या हाताला मात्र लाल दिसलं की मागे यायची सवय. छत्तीस वर्षांत मी लाल दिव्याखाली हात घातला नाही, म्हणून दहा बोटं शाबूत आहेत. माझ्यासोबतच्या दोघांची नाहीत.

बुधवारी सकाळी शेवंतीवर लाल ठिपका होता. त्यात पांढरा एक.

मी कप खाली ठेवला. तोंडात पैसा चघळल्यासारखी चव आली. मला वाटलं होतं, ठिपका मोठा असेल, काही आवाज वगैरे होईल. तो तांदळाएवढा होता. पिवळ्या पाकळीवर बसलेला. माउसवर हात ठेवला आणि तो काढला. परत ठेवला, परत काढला. बाण त्या फुलावर नेऊन थांबवला की फूल किंचित मोठं व्हायचं, जणू तयारच आहे. एक बोट दाबायचं होतं. मी ज्या बोटाने चारशे व्होल्टचे स्विच टाकले त्या बोटाला ते जमेना.

आतून तिने विचारलं, "काय ओ, आला काय?"

"नाही अजून."

बस्स. इतकं सोपं होतं. मी उभ्या आयुष्यात तिच्याशी खोटं बोललो नाही असं नाही, पण ते तिच्या भल्याच्या नावाखाली कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो आणि स्वतःला सांगितलंही की दसरा होऊ दे, तिला आपट्याची पानं वाटू दे, मग बघू. तिच्यासाठी म्हणत होतो. कळत होतं की तिच्यासाठी नाही.

दसरा त्याच दिवशी होता. तिने मशीनलाही हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. माळेची दोन फुलं पडद्यावर लोंबत होती आणि त्यांच्यामागे ते पिवळं फूल, लाल ठिपक्याचं. ती हात जोडून उभी राहिली. मी बाल्कनीत गेलो.

मशीन बंद केलं की ठिपका जाईल असं वाटलं. पण ते हॉस्पिटलचं ॲप मशीनबरोबर आपोआप सुरू व्हावं अशी सोय वैशालीने केली होती, बाबांना विसरायला नको म्हणून. गुरुवारी सकाळी ठिपका तिथेच. मग मी तेच केलं जे मला येतं. आमच्यात रीत अशी की लाइनवर काम करायचं असेल तर आधी तिचे फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. पॅनेलवर पाटी लावली तरी कुणी वाचत नाही, कुणीतरी शहाणा येऊन स्विच टाकतो आणि तुम्ही वर खांबावर चिकटता. फ्यूज खिशात असले की कुणाचा बाप लाइन चालू करू शकत नाही. जेवायला गेलो तरी ते खिशात, मुतायला गेलो तरी खिशात. किती वेळा विसरून घरी घेऊन आलोय.

भिंतीवर इंटरनेटची पांढरी पेटी आहे. तिचा अडॅप्टर मी ओढला, वायर गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात घातला. मशीन परत लावलं. शेवंती कोरी. लाइन मेली. खिशावर हात ठेवून मी खुर्चीत बसलो आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मला झोप आली, दिवसाउजेडी, सकाळी नऊला.

पण कोरं फूलही बघवेना. माझ्याकडेच बघतंय असं वाटायचं. शुक्रवारी दुपारी ही भाजीला गेली तेव्हा मी फुलावर उजवं बटण दाबलं. मराठीत यादी उघडली, वैशालीने सगळं मराठीत करून दिलं आहे. त्यात लिहिलं होतं, 'काढून टाका'. दाबलं. शेवंती गेली. बल्ब आणि पेपर एकमेकांजवळ सरकले, जणू मध्ये कुणी नव्हतंच.

मग मला घाम फुटला. ऑक्टोबरचा नव्हे, वेगळाच, थंड. मी काय काढलं? दार काढलं का रिपोर्टच काढला? दार आपल्या घरात आहे असं ती म्हणाली होती. आता दारच नाही. तिच्या गळ्यातून सुई घालून जे काढलं, ज्यासाठी ती पदर मुठीत धरून बसली, ते मी उजव्या बटणाने फेकून दिलं? मी अडॅप्टर परत लावला. पेटीवर दिवे लुकलुकले. मशीन बंद केलं, चालू केलं, दोनदा, तीनदा. पट्टीवर बल्ब आणि पेपर. जिन्यात तिच्या चपला वाजल्या तसा अडॅप्टर काढून परत खिशात घातला, का घातला ते सांगता येणार नाही, आणि रद्दीतला पेपर वाचत बसलो. पेपर उलटा नव्हता एवढंच.

ती भाजी निवडत होती. मेथीचा वास. मी तिच्या मानेकडे बघत होतो. तिथे गाठ वाढत असेल, आत्ता, ही मेथी निवडली जाते तोवर वाढत असेल, आणि ती किती वाढली हे सांगणारा कागद जगातून गेला आहे असं मला वाटत होतं. कुणाला विचारायचं? विचारलं की कळणार. पॅनेलमधून धूर आला असता तर शेवटचा शिपाईसुद्धा मला विचारायला आला असता. मला विचारायला कुणी नव्हतं असं नाही. मला विचारायची सवय नव्हती.

शनिवारी वैशालीचा फोन आला. "बाबा, दहा दिवस होऊन गेले. अजून काहीच नाही?"

"तुझं ते मशीन बिघडलंय. फूल आपोआप गेलं."

"आपोआप कसं जाईल?"

"मला काय विचारतेस? तू केलंस ना?"

ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल. उद्या येते." तिचा आवाज इतका लहान झाला होता की मला फोन भिंतीवर फेकावासा वाटला.

रविवारी चारला ती आली. पर्स न ठेवताच मशीनपुढे बसली. पाठीवर घामाने ड्रेस चिकटलेला. "मी नोटिफिकेशनची परवानगी नीट दिली नसेन," स्वतःशी बोलत होती. "का अपडेटमध्ये काही उडालं... आई, माझ्यामुळे तुझा रिपोर्ट राहिला की काय गं?" मग थांबली. "नेटच नाहीये. बाबा, पेटीचा अडॅप्टर कुठाय?"

"जळला असेल."

"जळला तरी जागेवर असेल ना!"

आमची ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ. ती म्हणाली, "वैशू, बाबांच्या खिशात बघ."

वैशाली माझ्याकडे बघायला लागली. मी खिशावर हात ठेवला, जसा चोर ठेवतो.

"पस्तीस वर्षं यांचे शर्ट भिजवण्याआधी खिसे बघितलेत मी," ही म्हणाली. "आधी फ्यूज काढून ठेवायचे, मग साबण. शुक्रवारी सकाळी कालचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात हे. वायर गुंडाळून ठेवलेली. काढून स्टुलावर ठेवलं, यांनी नव्या शर्टाच्या खिशात घातलं. मला बघितलंसुद्धा नाही."

"मग तू बोलली का नाहीस?" मी ओरडलो. माझा आवाज तसाच आहे, कारखान्यातला.

ती मालवणची. रागात नाही, पण अगदी आतलं बोलायचं असलं की तिचं माहेर बोलतं. "काय बोलू? माका बुधवारीच कळला होता. हळदीकुंकू लावताना दिसला नाय काय तो लाल? म्हटला, हेंचा धैर्य होईत तेव्हा हे उघडतीत. माका पण भय वाटत होता." मग पिठाचे हात पदराला पुसले. "तुम्ही फ्यूज खिशात घालून बसला होतात. तुमच्या लाइनीला मी कधी हात लावलाय?"

अडॅप्टर मी वैशालीच्या हातात दिला. ती उठली, पेटीला लावला, परत बसली. एक यादी उघडली. "हे बघा. तुम्ही पट्टीवरचं चित्र काढलंत. वेब ॲप इथेच आहे." माझ्याकडे न बघता बोलत होती. "आणि तेही पुसलं असतंत, मशीन खाडीत टाकलं असतंत, तरी रिपोर्ट हॉस्पिटलकडेच आहे. तो इथे नव्हताच बाबा. सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं. मी मानही हलवली होती.

शेवंती परत पट्टीवर आली. ठिपका आला. लाल. आता आकडा दोन होता.

मी माउसकडे हात नेला. खरंच नेला, त्या क्षणी उघडणारच होतो. पण ही म्हणाली, "सरका." मी उठलो. ती खुर्चीत बसली, पाय जमिनीला पुरेनात म्हणून पुढे सरकली. वैशालीने तिचा हात धरून माउसवर ठेवला. तिने बाण नेला, तो इकडे तिकडे गेला, परत आणला, आणि दाबलं. तिची शाळा दुसरीपर्यंतची. एकेक अक्षर ओठांनी वाचत गेली. पहिला मेसेज बुधवारचा: नमुना अपुरा आहे, निदान करता येत नाही, शुक्रवारी सकाळी दहा वाजता पुन्हा नमुना देण्यासाठी यावे. दुसरा शनिवारचा: आपण आला नाहीत, कृपया लवकर संपर्क करावा.

म्हणजे त्या लाल ठिपक्याखाली वाईट काही नव्हतं. चांगलंही नव्हतं. फक्त बोलावलं होतं. ज्या शुक्रवारी बोलावलं होतं त्या शुक्रवारी मी 'काढून टाका' दाबत होतो.

मला कुणीतरी शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. वैशाली एवढंच म्हणाली, "बाबा, शुक्रवार होता." मग तिने खिडकी उघडली, घरात कोंदट झालं होतं, आणि दिवे लागायची वेळ झाली होती. वास आत आला.

तेव्हापासून तो वास तसा आहे.

गाठीचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो, कारण अर्धवट सोडलेलं मला आवडत नाही. गाठ वाईट निघाली. ऑपरेशन झालं. मानेवर आडवी रेघ राहिली, तुशी बरोबर तिच्यावर बसते. आवाज घोगरा झाला, आता फोनवर लोक तिला माझा भाऊ समजतात आणि ती त्यांना तसंच समजू देते, वर माझ्या चुगल्या करते. रोज सकाळी अनशापोटी गोळी असते. डॉक्टर म्हणाले की त्या दोन-चार दिवसांनी काही फरक पडला नाही. त्यांनी हे मी न विचारता सांगितलं, म्हणजे वैशालीने त्यांना आधी सांगितलेलं असणार. मी त्यांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. ठरवावं लागतं, रोज.

दर ऑक्टोबरात तिचं रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात. या वर्षीची तपासणी मंगळवारी झाली. अजून काही आलेलं नाही. सकाळी मशीन आता तीच लावते, मी चहा टाकतो. आतून मला तिची पाठ दिसते आणि तिच्या खांद्यावरून पडद्याचा कोपरा. ती बराच वेळ वळली नाही की माझ्या हातातला साखरेचा चमचा थांबतो. मग ती म्हणते, "कोरा आसा," आणि मी चहा गाळतो. भीती गेलेली नाही. ती आता घरातली झाली आहे, तिला बसायची जागा ठरली आहे. तरी मला कळतं की उद्या तो ठिपका आला तर माझ्या हाताला परत तेच सुचेल. वैशालीला मी म्हटलं, पत्ता दिसू दे वर, लपवू नकोस. तिने दाखवायला लावला. लांबलचक इंग्रजी आहे, मला त्यातलं अक्षर कळत नाही. पण माझ्या डोळ्यांना दिसतं की हे बाहेरचं आहे, माझ्या हातातलं नाही.

एक सांगायचं राहिलं. मेसेज उघडले त्या रविवारी वैशाली आठच्या बसने मुलुंडला गेली. जाताना म्हणाली, उद्या मी रजा टाकते, मी नेते आईला. मी म्हटलं, नको. यात हट्ट होता, पण त्या दिवशी नुसता हट्ट नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि हिला रिक्षात घालून घाटकोपरला नेलं. रिक्षात मी मनात जुळवत होतो: नेट बंद होतं, कॉम्प्युटर जुना आहे, मुलीने काहीतरी लिनक्स का काय घातलंय, त्यात मेसेज दिसला नाही. सगळं नीट जुळलं होतं. काउंटरवर चष्म्याची एक मुलगी होती. मी फाइलचा नंबर दिला. तिने पडद्यावर बघितलं आणि विचारलं, "काका, यांना शुक्रवारी बोलावलं होतं. मेसेज मिळाला नाही का?"

आमची ही माझ्या बाजूला उभी होती, समोर भिंतीकडे बघत. मी जे सांगेन त्याला ती मान डोलावणार होती, हे मला ठाऊक होतं.

"मिळाला होता," मी म्हणालो. "दिसत होता. मी भीतीने उघडला नाही आणि हिलाही सांगितलं नाही. मशीन चांगलं आहे, मुलीने सगळं बरोबर केलं होतं. चूक माझी आहे."

माझा आवाज मोठा. मागच्या रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. मी तो खाली आणला नाही.

त्या मुलीने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे. "पेशंट आलेत ना? मग बसा. डॉक्टरांना विचारून येते," म्हणाली आणि फाइल घेऊन आत गेली.

ही बाकड्यावर जाऊन बसली. मी बसलो नाही. ती मुलगी परत येईपर्यंत काउंटरच्या खिडकीपाशी उभा राहिलो.